लबुबूचे दात

"मावशी, आईला सांगू नको, पण मला लबुबू पाहिजे."

फोन आला तेव्हा मी मेसच्या लाइनमध्ये उभी होते. एका हातात ताट, मोबाईल खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला, आणि पलीकडून धुळ्याहून माझी भाची चिऊ एकदम दबक्या आवाजात बोलत होती. ताई आंघोळीला गेली की ताईचा फोन चिऊच्या ताब्यात असतो. २०२५ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिचा सहावा वाढदिवस होता.

"आईला विचारलंस का?"

"आई नाही म्हणाली. म्हणून तर तुला फोन केला ना!"

यावर काय बोलणार? मी "बघते" म्हणाले. लहान मुलांच्या भाषेत "बघते" म्हणजे "हो", हे मला माहीत असून म्हणाले. पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे झालं.

ज्यांना लबुबू माहीत नाही (स्टाफपैकी बरेच असतील) त्यांच्यासाठी थोडक्यात. लबुबू म्हणजे सशासारखे लांब कान, फरचं अंग, प्लास्टिकचं तोंड आणि त्या तोंडात करवतीसारखे दात असलेली बाहुली. कासिंग लुंग नावाचा चित्रकार आहे, जन्म हाँगकाँगचा, लहानपण नेदरलँड्समध्ये गेलेलं. तिकडच्या परीकथा, भुताखेतांच्या गोष्टी वाचून त्याने २०१५ मध्ये चित्रांच्या पुस्तकात ही पात्रं काढली. २०१९ पासून पॉप मार्ट ही चिनी कंपनी त्याच्या बाहुल्या विकायला लागली. २०२४ मध्ये ब्लॅकपिंकच्या लिसाने बॅगला लबुबू लटकवली आणि जग वेडं झालं. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढी लबुबू १० लाख ८० हजार युआनला गेली. म्हणजे आपले साधारण सव्वा कोटी रुपये. सव्वा कोटी! आमच्या ब्लॉकच्या गीझरचा खर्च काढून दाखवू का?

असो. चिऊची लबुबू लिलावातली नव्हती. तिच्या शाळेच्या रिक्षात सात मुली. त्यातल्या चौघींच्या दप्तराला लबुबू लटकलेली. त्या चौघी पुढच्या सीटवर बसतात आणि बाकीच्या तिघी मागे, दप्तरांच्या ढिगात. हे मला चिऊने दुसऱ्या फोनमध्ये सांगितलं. रडली वगैरे नाही. बातमी सांगावी तसं सांगितलं. मला ते जास्त लागलं, कारण ही रिक्षा माझ्या ओळखीची होती.

२०१७ चा जून-जुलै. मी सातवीत, धुळ्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये. शाळा उघडली आणि फिजेट स्पिनर आला. आठवतोय का? तीन पात्यांचा, मध्ये बेअरिंग, दोन बोटांत धरायचा आणि फिरवायचा. बस. पुढे काही नाही. मेकॅनिकलच्या मैत्रिणीने मला आत्ता सांगितलं की त्यातलं बेअरिंग म्हणजे ६०८ नंबरचं, स्केट्सच्या चाकात असतं तेच: आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. तेव्हा आम्हाला बेअरिंग हा शब्दही ठाऊक नव्हता. मधल्या सुट्टीत मुली गोल करून बसायच्या आणि कोणाचा स्पिनर जास्त वेळ फिरतो त्याची स्पर्धा लावायच्या. ज्यांच्याकडे स्पिनर नाही त्यांनी सेकंद मोजायचे. मी सेकंद मोजणारी होते. वन मिसिसिपी, टू मिसिसिपी... दोन आठवडे मी मिसिसिपी केलं.

पप्पांनी नाही म्हणून सांगितलं. ताई तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची, लग्न ठरलेलं होतं. एका संध्याकाळी ती आग्रा रोडवरून निळा स्पिनर घेऊन आली. १५० रुपये. पप्पांना सांगितलं ५० रुपयांचा. मी तो उशीखाली घेऊन झोपले होते.

सतराव्या दिवशी आमच्या सिस्टरनी वर्गातले सगळे स्पिनर गोळा करून कपाटात टाकले. टर्म संपताना परत मिळाले तोवर तेच स्पिनर हातगाडीवर तीस रुपयांना दोन झाले होते आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. पुढे खूप दिवसांनी मम्मीकडून कळलं की त्या महिन्यात ताई देवपूरहून क्लासला चालत जायची. रिक्षाचे पैसे स्पिनरमध्ये गेले होते. तेव्हापासून आमच्या घरात "सतरा दिवस" हा शब्दच झाला. मी जीन्स मागितली, इअरफोन मागितले, की ताई विचारणार, "सतरा दिवसांचं आहे का ग?"

म्हणजे माझी पंचाईत लक्षात आली का? पप्पा नाही म्हणत असताना ताईने माझ्यासाठी आणलं. आता ताई नाही म्हणतेय. माझ्याकडे अकरावीच्या दोन मुलींच्या ट्यूशनचे अठराशे रुपये होते. न आणावं तर मी कृतघ्न, आणावं तर ताईच्या शब्दाला काय किंमत राहिली? आणि ताईच्या घरी तेव्हा जरा ओढाताण चालू होती, दाजींचा पगार चार महिने अर्धाच येत होता. अशा वेळी मावशी मोठेपणा करते, हे दिसायलाही बरं नाही.

निर्णय होत नसेल तर डेटा गोळा करा, असं आम्हाला शिकवतात. शनिवारी मी जळगावच्या फुले मार्केटमध्ये गेले.

फुले मार्केटमध्ये त्या महिन्यात लबुबू कुठे नव्हती! पर्सच्या दुकानात, कव्हरच्या दुकानात, बांगड्यांच्या गाडीवर. दीडशेपासून सुरुवात. एका दुकानदाराने आतून डबा काढला, "ही ओरिजिनल, ताई. साडेतीनशे." नेटवर वाचून गेले होते की खऱ्या लबुबूला नऊ दात असतात. मी मोजायला लागले. अकरा. दुसरीला दहा. तिसरीचा तर एक दात अर्धाच छापलेला.

"काका, हिला नऊ दात पाहिजेत."

काका हसले. "दात मोजून बैल घेतात ना भो. बाहुली घेताना दात मोजणारी तूच पहिली."

मला हसू आलं, कारण माझे आजोबा खरंच असे बैल घ्यायचे. बाजारात बैलाचा जबडा उघडून बघायचे, दोनदाती आहे की चारदाती की जुळलेला, आणि मगच रुमालाखाली हात घालून भावाचं बोलणं. विकणारा कितीही गोड बोलला तरी दात खोटं बोलत नाहीत, कारण वय दातावरच कळतं. मी आजोबांचीच नात. पुढचा प्रश्न विचारला, "आयएसआय मार्क कुठे आहे?"

हे विचारायचं कारण सांगते. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाहेरून आलेल्या खेळण्यांचे नमुने तपासले, तर सुमारे ६७ टक्के नापास झाले. (आमच्या एम-थ्रीच्या रिझल्टसारखंच.) त्यानंतर सरकारने ऑर्डर काढली आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. मार्कसोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, लायसन्स चालू आहे की नाही, सगळं दिसतं. मी त्याच दुकानात एका ब्लॉक्सच्या खोक्यावरचा नंबर टाकून पाहिला, लगेच आलं. लबुबूवर मात्र काहीच नव्हतं, ना मार्क, ना नंबर, ना कंपनीचं नाव.

काका म्हणाले, "अहो ताई, हे खेळणं नाहीच. की-चेन आहे ही."

काय डोकं आहे बघा! आणि गंमत म्हणजे खरी पॉप मार्टवाली कंपनीसुद्धा वेगळं काही म्हणत नाही. तिच्या खोक्यावर १५ वर्षांच्या वरच्यांसाठी असं लिहिलेलं असतं. म्हणजे नकली म्हणते मी की-चेन, असली म्हणते मी मोठ्यांसाठी. सहा वर्षांची चिऊ दोघींच्याही हिशेबात नाही. पण लटकलेली कोणाच्या दप्तराला आहे?

मी घासाघीस करून एक दीडशेची हिरवी लबुबू घेतली. चिऊसाठी नाही, टेस्टिंगसाठी. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पन्नास टक्के देऊन टाकायचा विचार होता.

त्या रात्री आमच्या रूमवर लबुबू परिषद भरली. आधी असलीचा हिशेब झाला. असली लबुबू ब्लाइंड बॉक्समध्ये येते, आत कोणती आहे ते फोडल्यावरच कळतं. एका सिरीजमध्ये साधारण सहा रंग आणि एक "सीक्रेट", जी ७२ बॉक्समागे एक निघते. चिऊला हिरवीच पाहिजे. सुटे बॉक्स घेत गेलं तर हिरवी निघायला सरासरी सहा बॉक्स. सहाही रंग जमवायचे तर ६ × (१ + १/२ + १/३ + १/४ + १/५ + १/६), म्हणजे सरासरी १४.७ बॉक्स. सहाचा अख्खा सेट घेतला तर रंग रिपीट होत नाहीत, पण मग सहाचे पैसे एकदम मोजा. आणि सीक्रेटचं तर विचारूच नका. रूममेट म्हणाली, "७२ घेतले की एक येईलच ना?" नाही येणार. ७२ बॉक्स फोडूनही ती न निघण्याची शक्यता साधारण ३७ टक्के उरते. सर, प्रोबॅबिलिटी आम्हाला येते, फक्त पेपरात येत नाही. ऑनलाइन एकेका बॉक्सला दोन-तीन हजारांच्या वर सांगत होते. असली बाद.

आता नकली. मुलींनी आधी वास घेतला. नव्या चटईसारखा. जळगावच्या मुलीला चटईचा वास सांगावा लागत नाही, आमच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया किती बनतात! पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर घालतात, त्यात थॅलेट नावाची केमिकल्स येतात. खेळण्यांच्या आयएस ९८७३ या स्टँडर्डमध्ये थॅलेटसाठी वेगळा भागच आहे. पण वासावरून थॅलेट कळत नाही, त्याला लॅब लागते, आणि आमच्या लॅबमध्ये मल्टिमीटरचे सेल सुद्धा नसतात. तेव्हा तो विषय मी सोडला.

माझ्या डोक्यात दुसराच विषय होता. चिऊचा भाऊ गोलू. चौदा महिन्यांचा. रांगतो, उभा राहतो, आणि जमिनीवर जे सापडेल ते तोंडात घालतो. चिऊच्या दप्तराचे बंद हे त्याचं आवडतं खाद्य.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नकली लबुबूबद्दल इशारा दिला होता: लहान मुलाच्या घशात अडकतील अशा, जीव जाऊ शकतो. अशा गोष्टी तपासायला एक छोटा सिलिंडर असतो. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा समजा. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते, ती त्या वयाला धोक्याची.

तिरका कापलेला सिलिंडर! मैत्रिणींनो, फर्स्ट इयरला डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस शिकताना मी कितीदा म्हणाले असेन की आयुष्यात याचा काय उपयोग. जुनी ड्रॉइंग शीट काढली, परीघ ९९.६ मिलिमीटर, बारा भाग पाडले, वक्र काढला, कापला, चिकटवला. पहिल्या फटक्यात बरोबर आला. परीक्षेत याच प्रश्नाला मला चार मार्क पडले होते.

मग लबुबूचा डोळा ओढला. स्प्रिंग बॅलन्स आणून किती ताकद लागते ते मोजायचं ठरवलं होतं, पण गरजच पडली नाही. नखाने उचकटला आणि टक् करून निघाला. सिलिंडरमध्ये टाकला, तळाशी गेला. मग एक पाय पिरगाळला, तोही निघाला, तोही आत गेला. रूममध्ये एकदम शांतता. आत्तापर्यंत सगळ्या खिदळत होत्या.

मला गोलूचा तो उघडा, लाळ गळणारा जबडा दिसला. पन्नास टक्के विचार होता तो शून्य टक्के झाला.

शनिवारी दुपारी मी धुळ्याची एसटी पकडली. अर्धं तिकीट, खिडकीची जागा. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. बॅगेत तो आयएसआयवाला ब्लॉक्सचा डबा, आणि एका पिशवीत एक डोळा नसलेली, एक पाय नसलेली लबुबू आणि कागदाचा सिलिंडर. ते का घेतलं होतं ते मलाही नक्की सांगता येत नव्हतं. पुरावा म्हणून असेल.

ताई स्वयंपाकघरात शेवभाजीचा मसाला वाटत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आणलीस का?"

"काय?"

"कॉल लिस्ट बघते मी. माझ्या फोनवरून तुला रोज नऊ वाजता फोन जातो, आणि नऊ वाजता मी बाथरूममध्ये असते."

मी सगळं सांगितलं. दात, की-चेन, डोळा. पिशवी दाखवली. तिने तो निघालेला डोळा चिमटीत धरून बराच वेळ बघितला आणि आधी गोलू कुठे आहे ते पाहिलं. मग डोळा आणि पाय डबीत घालून वरच्या फळीवर ठेवून दिले.

"मला हे काही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी वेगळ्याच कारणासाठी नाही म्हणाले. मला वाटलं होतं, दीडशेच रुपये आहेत, देऊन टाकावेत. तेवढ्यात त्या रिक्षातल्या एकीच्या दप्तराला दोन लागल्या. मग मी थांबले. पहिली देता येईल ग मला. दुसरी कुठून देऊ?"

मी विचारलं, "मग तेव्हा माझ्यासाठी का आणलास? पप्पा नाही म्हणत होते तरी?"

ती मसाला परतत म्हणाली, "तू झोपेत सेकंद मोजायचीस."

मला हे माहीत नव्हतं. आठ वर्षांत तिने कधी सांगितलं नाही. पुढे आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही, कारण तेवढ्यात दाजींची आई आत आली. हातात ती पिशवीतली लबुबू. "हाई काय शे वं? भूत शे का काय?" त्यांच्या व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला होता की ही बाहुली म्हणजे पझुझू नावाचा राक्षस, घरात आणू नका. (पझुझू हा जुन्या मेसोपोटेमियातला खरा, 'द एक्झॉर्सिस्ट' या १९७३ च्या सिनेमातलाही खरा, पण लबुबूशी त्याचा संबंध व्हॉट्सॲपनेच लावला.) मी समजावायला गेले तर ताईने डोळ्याने खुणावलं, राहू दे. निदान एक मत तरी तिच्या बाजूने पडत होतं.

रविवारी वाढदिवस झाला. चिऊने ब्लॉक्सचा डबा उघडला, "थँक्यू मावशी" म्हणाली आणि बाजूला ठेवला. पाहुण्यांनी दिलेली पेन्सिल बॉक्स ठेवावी तसा. मला वाईट वाटलं, पण तिने तोंड पाडलं नाही, तेवढी ती ताईची मुलगी आहे. मग संध्याकाळी मी तिला गच्चीवर नेलं आणि खरं सांगितलं. तुटकी लबुबू दाखवली. सिलिंडर दाखवला. "हा गोलूचा घसा आहे असं समज." तिने डोळा आत टाकला. खाली जाऊन बसला. तिने सिलिंडर उलटा केला, डोळा काढला, परत टाकला. पाच-सहा वेळा.

"आणि हे?" तिने केसातली क्लिप काढली. गेली. बॉलपेनचं टोपण, गेलं. ब्लॉक्सचा डबा फोडला, एकेक ब्लॉक, नाही गेला. बटण, पाच रुपयांचं नाणं, शेंगदाणा, देवघरातली सुपारी. "हे जातं! हे नाही जात!" घरभर हिंडली. आजीची नथ घालायला गेली तेव्हा मात्र ओरडा बसला. रात्री दहापर्यंत तिने जे जे जातं त्याचा एक डबा भरला आणि गोलूच्या हाताला लागणार नाही असा कपाटावर ठेवायला लावला. त्या डब्यात दाजींच्या मोबाईलचं सिमकार्डही निघालं, जे ते दोन दिवस शोधत होते.

मला वाटलं, जिंकलो. झोपताना ती माझ्या कुशीत आली आणि म्हणाली, "मावशी, पण मग माझी लबुबू दिवाळीला का?"

अंधारात पलीकडच्या गादीवर ताई हसत होती की काय, कळलं नाही. मी "बघते" म्हणाले नाही. "नाही" म्हणाले. ती जरा वेळ गप्प होती. मग विचारलं, "उद्या ते गोल शाळेत नेऊ का?" मी हो म्हणाले. यात काय धोका असणार?

सोमवारी संध्याकाळी मी हॉस्टेलवर पोचले आणि ताईचा मेसेज आला. चिऊने सिलिंडर रिक्षात नेला होता. सगळ्यांच्या वस्तू टाकून बघितल्या, पुढच्या सीटवाल्या चौघी मागे तोंड करून बसल्या होत्या म्हणे. मग दोन लबुबूवालीने स्वतःहून आपली पुढे केली, आणि चिऊने मी शिकवल्याप्रमाणे आधी डोळा ओढून पाहिला.

त्या मुलीच्या आईचा फोन येऊन गेला. आता लबुबूचा सुटा डोळा कुठे मिळतो ते मी जळगावात शोधतेय.